सरकटे बाईंची मोजदाद

पहिल्या दिवशी मी ऑफिसात शिरलो तेव्हा सरकटे बाईंनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या शर्टाचं टोक चिमटीत धरलं. दोन बोटांत चोळून पाहिलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि आत काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी शिवणीतली चिठ्ठी उलटून वाचलं, शंभर टक्के कॉटन.

"खोटं हाये," त्या शांतपणे म्हणाल्या. "निम्मं तरी पॉलिस्टर हाये याच्यात. बस तिकडं."

शर्ट माझ्या साखरपुड्यातला होता. सासरच्यांनी कौतुकाने घेतलेला. मी बसलो.

आमचं ऑफिस मलकापुरात स्टेशन रोडवर होतं, खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर आम्ही. काम इतकं नवं होतं की घरी समजावून सांगताना माझी पंचाईत व्हायची. परदेशातल्या कपड्यांच्या कंपन्यांना आपल्या कपड्यामुळे पृथ्वीला किती त्रास होतो हे जाणून घ्यायचं असतं. एका बनियनच्या मागे किती पाणी गेलं, किती खत, किती डिझेल, किती वीज, किती धूर. हा त्रास मोजायचं काम पुण्याच्या एका संस्थेने घेतलं होतं, आणि कापूस जिथून निघतो त्या आमच्या मलकापूर-नांदुरा भागातले आकडे आम्ही गोळा करायचे होते. पुढे त्यांनी त्यात लोकरही घातली. मे महिन्यात, पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर टाकून, मी लोकरीचा पर्यावरणभार टाइप करत असे. वडील विचारायचे की नक्की काय करून राह्यला. मी म्हणायचो, कॉम्प्युटरवर काम आहे. त्यांचं समाधान व्हायचं.

सरकटे बाई म्हणजे विमल सरकटे. मूळच्या वडनेर भोलजीच्या, आणि रोज तिथूनच एसटीने यायच्या. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. प्राध्यापक बदलले, अभ्यासक्रम बदलला, पण ब्युरेट कोणत्या खोक्यात आहे हे फक्त बाईंना माहीत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांचे आजोबा जाडंभरडं कापड विणायचे, घरात माग होता. त्यामुळे धाग्याची समज त्यांना घरातून मिळाली आणि मोजण्याची शिस्त कॉलेजातून. पुण्याच्या लोकांनी त्यांना का घेतलं हे उघड होतं. त्यांना घेतल्यावर काय होईल, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ठेंगण्या, काटक, सुती साडी, पायात बूट. खांद्याला एक पिशवी, तिच्यात स्प्रिंगचा वजनकाटा, थर्मामीटर, टेप आणि चिवड्याचा डबा. चिवडासुद्धा त्या एकदा वजन करून खायच्या, असं आमचा शिपाई सांगायचा. ते खोटं असावं. पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटायचं.

त्यांच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षर असे. स्वतः मोजलेल्या आकड्यापुढे 'मो'. कोणी सांगितलेल्यापुढे 'वि', म्हणजे विचारलं. आणि अंदाजापुढे 'अं'. मी गावातून आकडे घेऊन आलो की त्या एवढंच विचारायच्या, "मोजलं का इचारलं?" मी म्हणायचो, इचारलं. त्या मान हलवायच्या आणि मला 'वि' लिहायला लावायच्या. रागवायच्या नाहीत. 'वि' लिहिणं हा गुन्हा नव्हता. न लिहिणं हा होता.

अडचण अशी की पुण्याहून आलेल्या तक्त्यात अक्षराला रकानाच नव्हता. तिथे सगळे आकडे एकाच रंगात, एकाच जाडीचे, सारख्याच आत्मविश्वासाने बसायचे.

नांदुऱ्याकडच्या एका गावात भास्करराव म्हणून शेतकरी होते. आमच्या यादीतले पहिले. कापसाला पाणी किती देता, हा तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बाईंनी तो विचारताच भास्करराव उठले, मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडली आणि आत चिकटवलेली एक चिठ्ठी वाचून आकडा सांगितला. दशांश चिन्हासकट.

बाईंनी विचारलं की हा आकडा कुठून आला. त्यांनी सांगितलं की मागच्या वर्षी प्रमाणपत्रवाले एक साहेब आले होते, त्यांनीच लिहून दिला. कोणी पण विचारलं की हाच सांगा म्हणाले. मग थोडं थांबून, पाहुण्याची सोय पाहावी तसं त्यांनी विचारलं, "तुमाले दुसरा पायजे का, मॅडम? तसं असंन तं सांगा, आपल्याले काही अडचण नाई."

बाई म्हणाल्या की मला विहिरीतून येतं ते पाणी पाहिजे. बादली मागितली. मोटर सुरू करायला सांगितली. वीज नव्हती. ती येईल म्हणून आम्ही बांधावर बसलो. दुपारी आली, बाईंनी पाइपाखाली बादली धरून घड्याळ लावलं, बादली निम्मी झाली आणि वीज गेली. पुन्हा आली तेव्हा दाब कमी होता. तिसऱ्यांदा आली तेव्हा भास्कररावांच्या बायकोने त्याच बादलीत म्हशीला पाणी नेलं होतं. संध्याकाळी परत येताना बाईंच्या वहीत पाच वेगवेगळे आकडे होते, प्रत्येकापुढे 'मो', आणि खाली लिहिलं होतं, पुन्हा यावे लागेल. त्या पाच आकड्यांत एकही चिठ्ठीवरच्या आकड्याच्या जवळपास नव्हता.

मी म्हटलं, बाई, यातला कोणता लिहू. त्या म्हणाल्या, "पाचही लिही. विहीर अशीच हाये, तं मी काय करू?"

लोकरीची पाहणी आली तेव्हा आम्ही सोनाजींकडे गेलो. सोनाजी धनगर, त्यांच्या मेंढ्या त्या दिवसांत वडनेरजवळ एका रिकाम्या वावरात बसवल्या होत्या, खतासाठी. लोकरीच्या तक्त्यात मुख्य गोष्ट मेंढीचा ढेकर. मेंढी चरते, रवंथ करते, ढेकर देते, त्यातून वायू निघतो आणि तो हवा तापवतो. हे शास्त्र खरं आहे. पण ते एका माणसाला, त्याच्या मेंढ्यांसमोर उभं राहून सांगायची वेळ माझ्यावर आली. मी तक्त्यातून वाचत गेलो, मेंढ्या किती, वजन किती, चारा कोणता, आणि शेवटी ढेकराबद्दल बोललो. सोनाजींनी ते अतिशय आदराने ऐकून घेतलं. मग बाईंना विचारलं की हा पोरगा बरा आहे ना.

बाईंनी काटा काढून एका मेंढीची नुकतीच कातरलेली लोकर तोलली आणि तिचं काय करता म्हणून विचारलं. सोनाजींनी बांधाकडे बोट केलं. तिथे काळ्या-करड्या लोकरीचा ढीग पडला होता. ती खरबरीत, घोंगडीच्या कामाची. पूर्वी घोंगडीवाले न्यायचे, आता कोणी फुकटही नेत नाही, म्हणून टाकून देतो.

मग बाईंनी त्यांना तक्त्याचा नियम सांगितला. मेंढीच्या ढेकराचा दोष मटण आणि लोकर यांच्यात वाटायचा, ज्याला जेवढा भाव त्याच्या माथी तेवढा. लोकरीला भावच नाही, म्हणजे लोकरीच्या माथी काही नाही. बांधावर पडलेली ती लोकर तक्त्याप्रमाणे जगातली सगळ्यात स्वच्छ लोकर होती. उद्या कोणी ती विकत घेतली की लगेच तिच्यावर दोष चढणार.

सोनाजींनी ढिगाकडे पाहिलं. "म्हंजे फेकली तं पुण्य, अन् इकली तं पाप?"

"कागदावर तसंच हाये, भाऊ," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून आसपासच्या गावांत आम्हाला 'ढेकरवाले' म्हणू लागले. एसटीत कंडक्टरसुद्धा म्हणायचा, ढेकरवाले उतरा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. मला मात्र लाज वाटायची. माझं लग्न ठरलेलं होतं.

आमचे पुण्याचे प्रमुख अमेय सर. वयाने माझ्याहून थोडे मोठे, स्वभावाने सभ्य, बाईंशी नेहमी उभं राहून बोलणारे. पहिल्या वर्षाचं काम संपत आलं तेव्हा ते मलकापूरला आले आणि आम्हा सगळ्यांना एकेक जाकीट भेट दिलं. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं, मऊ, लव असलेलं, छातीवर हिरवं पान. आमच्या तक्त्याप्रमाणे या जाकिटाचा पृथ्वीला होणारा त्रास लोकरीपेक्षा बराच कमी होता. अमेय सरांनी तो आलेख भिंतीवर दाखवला. बाहेर इतकं ऊन होतं की जाकीट हातात धरूनही घाम येत होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बाईंनी जाकीट घरी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातच टबात साबणाच्या पाण्यात ते धुतलं. ते पाणी कॉलेजच्या काळातल्या गाळणकागदातून गाळलं आणि कागद खिडकीत वाळवला. त्यावर बारीक करडी लव साचली होती, चिमटीने उचलता येईल इतकी. तो कागद त्यांनी अमेय सरांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"हे नालीत जाते. नालीतून नळगंगा नदीत. हे कोण्या रकान्यात लिहू?"

अमेय सरांनी खूप समजुतीने सांगितलं की आपला तक्ता कारखान्याच्या गेटपर्यंतच आहे. गेटातून कपडा बाहेर पडला की पुढचं आपल्या कामात येत नाही. धुणं येत नाही, झिजणं येत नाही, किती दिवस वापरला तेही येत नाही.

बाई म्हणाल्या की कपडा गेटातून बाहेर पडल्यावरच कपडा होतो, सर. आधी तो माल असतो. मग त्यांनी घरची गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी नवऱ्यासाठी लोकरीचं स्वेटर विणलं. नवऱ्याने ते घातलं, नवरा गेल्यावर मुलाने घातलं, कोपर फाटल्यावर त्यांनी ते उसवलं आणि त्याच लोकरीचं नातीसाठी विणलं. आता हे स्वेटर आणि एका हंगामात टाकायचं जाकीट, दोन्हींची तुलना किलोवर करायची, तर मग मला हे काम समजलं नाही, असं त्या म्हणाल्या.

अमेय सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. त्यांना ते पटलं होतं, हे दिसत होतं. पटूनही करता येत नाही अशा जागी ते बसले होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण हिशेबाच्या मॉडेलला एकच आकडा लागतो."

"मग त्या मॉडेलले सांगा ना, का हा अंदाज हाये."

अहवाल पाठवायचा आठवडा आला. बाईंच्या वहीत कापसाच्या पाण्यापुढे काही ठिकाणी पाच-पाच आकडे होते आणि बरीच शेतं कोरी होती, कारण तिथे वीज आणि बादली यांची गाठ पडली नव्हती. तक्ता कोरा रकाना घेत नसे. लाल होऊन बसायचा. शेवटच्या पानावर 'प्रत्यक्ष पडताळणी केली' या ओळीखाली बाईंची सही हवी होती.

त्या म्हणाल्या की जिथे पडताळणी केली तिथे करते. बाकीच्या ठिकाणी कशी करू? अमेय सरांनी फोनवर विनवलं, मग आवाज थोडा कोरडा केला, मग पुन्हा विनवलं. बाई दरवेळी तेच म्हणाल्या आणि पाचच्या एसटीने गेल्या.

अमेय सरांनी मग मला फोन केला. माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मी रकाने भरले. विचार करायला वेळ नव्हता, एक आकडा मला तोंडपाठ होता, तो मी सगळ्या लाल जागांत टाकत गेलो. भास्कररावांच्या स्टार्टरच्या पेटीतला. दशांश चिन्हासकट. तक्ता हिरवा झाला. मग शेवटच्या पानावर मी माझी सही केली.

बाईंचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. ते पुढे वाढवलं नाही. पत्रात लिहिलं होतं की आपल्या मार्गदर्शनाचा लाभ यापुढेही मिळत राहील. निरोप समारंभ ठेवला. शाल आणायचं काम माझ्याकडे होतं. मलकापुरातल्या एका दुकानात मी दुकानदाराला दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं की शुद्ध लोकर आहे, आणि आत तशी चिठ्ठीही शिवलेली होती.

समारंभाला अमेय सर पुण्याहून आले. टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, पुढे समई. भाषणात ते म्हणाले की बाईंनी आम्हाला अचूकतेचं महत्त्व शिकवलं. मग त्यांनी शाल बाईंच्या खांद्यावर घातली. बाईंनी हात जोडले, आणि हात खाली येता येता त्यांची दोन बोटं शालीच्या काठावर गेली. मी खुर्चीत आक्रसलो. त्यांनी दशीतला एक धागा ओढला आणि समईच्या ज्योतीत धरला. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांत भुगा होतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. हा धागा वितळला, आकसला आणि त्याचा काळा टणक मणी झाला.

बाईंनी तो मणी तळहातावर घेऊन पाहिला. "प्लास्टिक हाये," त्या म्हणाल्या, कोणालाही उद्देशून नाही. मग त्यांना बहुधा माझा चेहरा दिसला. "पण ऊब येते चांगली," असं म्हणून त्यांनी शाल अंगाभोवती नीट ओढून घेतली आणि एप्रिलच्या दुपारी समारंभ संपेपर्यंत तशीच ठेवली.

अहवाल गेला, वाखाणला गेला. आमचा कापूस कमी पाणी पिणारा ठरला. सहा-सात महिने बरे गेले. मग परदेशातून पत्र आलं. तिथे कोणीतरी तक्ता नुसता न पाहता वाचला होता. त्यांनी विचारलं होतं की इतक्या वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या विहिरींवरच्या इतक्या शेतकऱ्यांनी कापसाला दशांशापर्यंत नेमकं सारखंच पाणी कसं दिलं. हे मोठंच सामूहिक यश असेल तर त्याची पद्धत कळवावी, नाहीतर मूळ नोंदी पाठवाव्यात.

मूळ नोंदी ऑफिसात नव्हत्याच. जाताना बाई वह्या देऊ का म्हणून विचारत होत्या, तेव्हा जागा नाही म्हणून आम्हीच घेतल्या नव्हत्या. अमेय सरांचा आवाज फोनवर पहिल्यांदाच घाबरलेला वाटला. मी वडनेरला गेलो.

बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. सुनेने पाणी आणलं. मी आल्याचं कारण सांगायला सुरुवात केली, आणि का कोण जाणे, वह्यांच्या आधी सहीचंच बोललो. त्या पानावर सही मी केली. रकानेही मीच भरले. कोणत्या आकड्याने भरले तेही सांगितलं.

बाई मिरच्या पसरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीत व्हतं मले. कोनी तरी करनारच व्हतं. तू केली म्हनून कोनाले इचारायचं ते तरी समजते."

मला रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वह्या काढल्या, वर्तमानपत्रात बांधून ठेवलेल्या, सगळ्या. दोन दिवस मी त्यांच्या ओसरीवर बसून एकेक आकडा उतरवून घेतला, अक्षरासकट. त्या समोर बसून वाचून दाखवत. भास्कररावांचं पान आलं. पाच आकडे आणि खाली, पुन्हा यावे लागेल. पुन्हा जायच्या आत त्यांचं कंत्राट संपलं होतं. मी म्हटलं, पाच पुरेत. त्यांनी पुढचं पान वाचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन भास्कररावांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं, चिठ्ठी वाचायला पेटीकडे निघाले, मी नको म्हटलं. वीज यायची वाट पाहत बांधावर बसलो. म्हशीसाठी दुसरी बादली आहे ना, हे आधी विचारून घेतलं. दिवसभरात चारदा मोजलं. आकडे वहीत लिहून त्यांच्यापुढे 'मो' लिहिलं. माझ्या नोकरीतले ते पहिले आकडे होते, जे मी स्वतः मोजले होते.

दुसरा अहवाल बाईंच्या वह्यांवरून गेला. त्यात एकाच आकड्याच्या जागी इथपासून तिथपर्यंत असं लिहिलं होतं, आणि कुठे माहीत नाही असं लिहिलं होतं. अमेय सरांनी तो तसाच पाठवला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. परदेशातून आभाराचं सुंदर पत्र आलं. इतकी प्रामाणिक आकडेवारी आमच्या पाहण्यात नाही, असं त्यात होतं. पुढच्याच परिच्छेदात त्यांनी कळवलं होतं की पुढील वर्षापासून कापूस दुसऱ्या भागातून घेण्यात येईल, कारण तिथले आकडे अधिक स्थिर आहेत. दोन महिन्यांत ऑफिस बंद झालं. ट्रॅक्टरच्या दुकानदाराने वरच्या खोलीत पत्र्याचे पाइप ठेवले. उरलेली जाकिटं आम्ही वाटून घेतली.

मी ही बातमी बाईंना सांगायला गेलो, तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. भास्कररावांच्या कापसाचं आता काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, व्यापारी नेतीलच, पूर्वी न्यायचे तसा. त्या म्हणाल्या, "आपन खरं लिवलं म्हनून त्याचं नुकसान झालं. हे बी लिवून ठेवाले पायजे कुठं तरी." त्यांना ते खरोखर लागलं होतं. माझ्यापेक्षा जास्त. माझी फक्त नोकरी गेली होती.

आता मी नांदुऱ्याला एका डाळमिलमध्ये आहे. आलेल्या तुरीत ओल किती ते पाहतो.

गेल्या थंडीत नांदुऱ्याच्या आठवडी बाजारात गेलो होतो. जुन्या कपड्यांचा ढीग घालून एक बाई बसते, बाहेरून गठ्ठ्यांनी येणारे स्वेटर, जाकिटं, शाळेचे कोट. ढिगाच्या मागच्या बाजूला, पोत्यावर, सरकटे बाई बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, मांडीवर कोणाचं तरी तांबडं स्वेटर, आणि त्याच्या बाहीचं उसवलेलं टोक त्या शिवत होत्या. मला वाटलं विकत घेतलंय. शिवून झालं, त्यांनी धागा दाताने तोडला, स्वेटर घडी करून परत ढिगावर ठेवलं आणि दुसरं घेतलं.

कपडेवालीने मला ओळखीचा समजून सांगितलं की या दर बाजाराला येतात, घेत काही नाहीत. "पहिल्यांदा मले वाटलं, येडी असंन. पण आता फाटलेलं बी चार दिवस टिकते म्हनून लोक माह्याकडंच येतात."

मी जवळ जाऊन नमस्कार केला, जयभीम म्हटलं. बाईंनी वर पाहिलं. डोळ्यांना चष्मा होता, तरी ओळखायला क्षण लागला. कसा आहेस, बायको कशी आहे, एवढं विचारून झाल्यावर त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. आता नेढं दिसत नाही म्हणाल्या. मी उकिडवा बसलो, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि तिसऱ्या प्रयत्नात ओवला.

"अजून दोन ओवून ठेव," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर काम थांबाले नको."

मी आणखी दोन सुया ओवल्या आणि त्यांच्या शेजारच्या पुठ्ठ्याला टोचून ठेवल्या. एवढ्यात एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला, मुलीने ते तांबडं स्वेटर उचललं आणि अंगात घातलं. बाह्या लांब होत्या. तिने त्या मनगटावर दुमडल्या आणि बापाकडे पाहिलं. बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर आता एक निळा कोट होता, आणि त्या त्याचा खिसा उलटा करून, आत भोक कुठे आहे ते बोटाने शोधत होत्या.